कलकत्त्याचे रुपये आणि युरोपचा चषक

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर शेजारच्या मुलाने एका रविवारी दोन्ही टोकांशी निमुळता असा लंबगोल चेंडू आणला, आणि तो आपटताच बिथरलेल्या सशासारखा पाण्याच्या टाकीमागे पळालेला पाहून खुर्चीवरच्या अण्णांनी निकाल देऊन टाकला, की हा अमेरिकन फुटबॉल, गोऱ्यांचा पिढीजात खेळ, आपला त्याच्याशी काडीचा संबंध नाही. एका दमात इतके गैरसमज क्वचितच ऐकावयास मिळतात.

तो चेंडू रग्बीचा होता. पंधरा-पंधरा गड्यांच्या या खेळात शिरस्त्राण आणि चिलखताचा थाट नसतो, आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास सक्त मज्जाव असतो. पुढे सरकावयाचे तर तो छातीशी घेऊन धावावे अथवा लाथेने उडवावा. पकड मात्र कबड्डीची आठवण करून देते, फरक एवढाच की येथे खाली पाडलेल्या गड्याला चेंडू सोडून द्यावा लागतो.

‘पिढीजात’ या शब्दाचा समाचार अधिक सविस्तर घेतला पाहिजे. युरोपातील निरनिराळ्या देशांच्या संघांना एकत्र आणणारा जो चषक दूरदर्शनवर पाहून आपण त्याला शतकाची परंपरा बहाल करतो, तो 1995 सालच्या हंगामात जन्मास आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खेळाडूंना उघडपणे मोबदला देण्यास मंजुरी मिळाली होती. पहिल्या वर्षी बाराच संघ होते, आणि त्यांत इंग्लंड व स्कॉटलंड यांचा एकही नव्हता! 7 जानेवारी 1996 रोजी कार्डिफ येथे, जादा वेळेपर्यंत ताणलेल्या अंतिम सामन्यात, फ्रान्सच्या तुलूझने यजमान कार्डिफला 21-18 असे हरविले. ही राष्ट्राराष्ट्रांची झुंज नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. राष्ट्रीय संघांची स्पर्धा वेगळी आहे. 2022 पासून तर दक्षिण आफ्रिकेचे संघही या चषकात रुजू झाल्याने ‘युरोपीय’ हे विशेषणही नावापुरतेच राहिले आहे.

आता आपल्या संबंधाची बाब. 1873 साली कलकत्त्यात स्थापन झालेला, रग्बी खेळणारा इंग्रजांचा फुटबॉल क्लब काही वर्षांतच डबघाईस आला. सभासदांना मिळणारे फुकटचे मद्य बंद होताच त्यांची संख्या घटली, असा वृत्तान्त आहे, आणि मनुष्यस्वभाव पाहता तो अविश्वसनीय वाटत नाही. क्लब बरखास्त करताना उरलेले 270 रुपये पेढीतून काढून त्यांच्या चांदीचा, तीन नागांच्या मुठींचा आणि झाकणावर हत्ती असलेला एक चषक घडविण्यात आला व 1878 साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण करण्यात आला. देणाऱ्यांची इच्छा होती, की त्यासाठी दरवर्षी क्लबांनी आपसांत झुंजावे. संघटनेने ही दरखास्त नामंजूर केली, कारण तशा चुरशीने खेळातील निर्हेतुक हौस बिघडेल असे तिला वाटले. आणि चषक इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यास बहाल झाला, तो आजतागायत तेथेच आहे. इंग्लंडच्या क्लबांना देशव्यापी बाद पद्धतीचा चषक मिळण्यास 1971 उजाडावे लागले. युरोपीय चषकाला तर प्रारंभी एका बिअरचेच नाव होते, आणि मद्याच्या जाहिरातीस कायद्याने बंदी असल्यामुळे फ्रान्समध्ये त्या नावाचे केवळ आद्याक्षर वापरीत; कलकत्त्याच्या त्या तहानलेल्या सभासदांना याची गंमत वाटली असती.

मुंबईपुरते बोलावयाचे, तर बदलापूरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाकडे पायी जावे. 1875 साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या ज्या मैदानावर 1933 साली भारतातील पहिला कसोटी सामना झाला, त्याच मैदानावर पावसाळ्यात, क्रिकेट तहकूब झाल्यावर, चिखलात रग्बी रंगते.

हा सारा खुलासा ऐकून घेतल्यावर अण्णांनी एवढेच विचारले, की त्या 270 रुपयांचा हिशेब कुणी ठेवला होता काय; आणि तोवर चेंडू पुन्हा टाकीमागे गेला होता.