फ्यूम कॅबिनेटच्या फिल्टरची निवड व निगा

द्राक्षांच्या नमुन्यांतील कीटकनाशकांचे अवशेष तपासताना ॲसिटोनायट्राइलसारखी बाष्पशील द्रावके वापरली जातात. बाहेर जाणारी नळी नसलेले फ्यूम कॅबिनेट ही दूषित हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते. तेथे काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे आरोग्य म्हणूनच फिल्टरवर अवलंबून असते.

फिल्टरची निवड रसायनानुसार करावी. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. बाष्प मात्र त्यातून आरपार जाते. सेंद्रिय बाष्पासाठी सक्रिय कार्बन उपयुक्त ठरतो. अमोनिया, फॉर्माल्डिहाइड किंवा आम्लवायूंसाठी विशेष रासायनिक प्रक्रिया केलेला कार्बन लागतो. ॲसिटोनायट्राइलसारखी हलकी बाष्पे कार्बन फारशी धरून ठेवत नाही. अशी द्रावके मोठ्या प्रमाणात वापरायची असल्यास हवा इमारतीबाहेर सोडणारे कॅबिनेटच योग्य.

कार्बन संपृक्त झाला तरी हवेचा प्रवाह घटत नाही. त्यामुळे केवळ प्रवाहमापकावर विसंबू नये. वासावरही भिस्त ठेवू नये, कारण नाक वासाला सरावते. फिल्टर बसवल्याची तारीख, हाताळलेली रसायने व वापराचे तास नोंदवहीत लिहावेत आणि फिल्टरमधून बाहेर पडणारी हवा बाष्पशोधकाने नियमित तपासावी. दमट हवेत कार्बनची क्षमता घटते; पावसाळ्यात ही तपासणी अधिक वेळा करावी. वापरलेला फिल्टर झटकू नये. तो पिशवीत बंद करून घातक कचरा म्हणूनच सुपूर्द करावा.