प्रतिकृत हार्ड डिस्क आणि संगणकाचा प्रारंभ

जुन्या हार्ड डिस्कवरील सर्व मजकूर नव्या डिस्कवर उतरविला, नक्कल करणारी आज्ञावली कार्य पूर्ण झाल्याचे सांगून थांबली, आणि तरीही नव्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी नक्कलच सदोष ठरवून ती पुन्हा करण्याकडे साहजिक कल होतो. वस्तुतः मजकूर बिनचूक उतरला असताही असे घडू शकते. संगणकाचा प्रारंभ डिस्कवरील मजकुरावर जितका अवलंबून असतो, तितकाच ती डिस्क कोणत्या ओळखीने नोंदली गेली आहे यावरही असतो.

1983 साली पीसी-डॉसच्या 2.0 या आवृत्तीबरोबर आलेल्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांना विशेष महत्त्व आहे. त्यांपैकी 64 बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता असतो. त्याआधीच्या 446 बाइटांत प्रारंभाची आज्ञावली असून तेथेच विंडोज प्रणाली 4 बाइटांची एक ओळखखूण लिहून ठेवते. केवळ एखाद्या विभागाची नक्कल केली, तर हा आरंभीचा भाग मागेच राहतो, हे उघड आहे. परंतु संपूर्ण डिस्कची नक्कल केली तरी अडचण संपत नाही. दोन्ही डिस्का एकाच वेळी जोडलेल्या असल्या, की विंडोजला एकच ओळखखूण दोन ठिकाणी आढळते. ती त्यांपैकी एक डिस्क निष्क्रिय ठेवते, आणि ती सक्रिय करण्यास सांगितल्यास तिच्यावर नवी खूण लिहिते. प्रारंभाच्या नोंदवहीत मात्र जुनीच खूण राहते. परिणामी, अक्षरशः बरोबर असलेली प्रत स्वतःलाच ओळखू शकत नाही! नक्कल संपताच संगणक बंद करून जुनी डिस्क काढून ठेवावी, हा सल्ला यासाठीच दिला जातो.

यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रारंभाची नोंद तेथे डिस्कवर नसून मुख्य फलकावरील स्मृतीत असते, आणि तीत विभागाचा 128 बिटांचा क्रमांक उल्लेखिलेला असतो. नकलेत हा क्रमांक बदलला, किंवा ईएफआय विभागच उतरविला गेला नाही, तर नोंद निरर्थक ठरते. विंडोजच्या स्थापना-माध्यमावरून संगणक सुरू करून 'बीसीडीबूट' ही आज्ञा दिल्यास प्रारंभाच्या फाइली व नोंदी नव्याने तयार होतात. मजकुराला धक्का लागत नाही. जुनी प्रणाली बायॉस पद्धतीने चालत असेल आणि नव्या संगणकात केवळ यूईएफआयच असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही. विभागांचा तक्ताही जीपीटी प्रकारात बदलावा लागतो.

दोष कोठे आहे हे संगणक कोठवर पोहोचून थांबतो यावरून बरेचसे कळते. डिस्कच सापडत नसल्याचा संदेश आला, तर जोडणी किंवा वरील नोंदी तपासाव्यात. विंडोजचे चिन्ह उमटून नंतर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा संदेश आला, तर प्रारंभाचा पहिला टप्पा निर्वेध पार पडला आहे. त्या जातीची डिस्क वाचणारा ड्रायव्हर प्रणालीला वेळेवर लाभला नाही, असा संशय घ्यावा. साटा डिस्कवरून एनव्हीएमई डिस्कवर जाताना हे संभवते, आणि एकदा सेफ मोडमध्ये चालू केल्याने ते पुष्कळदा सुधारते. यूएसबी पेटीतून केलेली नक्कल हे एक निराळेच प्रकरण आहे. काही पेट्या 512 ऐवजी 4096 बाइटांचे खंड दाखवितात. तोच तक्ता डिस्क संगणकात बसविल्यावर चुकीच्या मापाने वाचला जातो.

या साऱ्या खटपटीत खरा धोका नव्या डिस्कला नसून जुन्या डिस्कला असतो. नक्कल पुन्हा करण्याच्या घाईत मूळ व लक्ष्य यांची अदलाबदल झाली, तर वर्षानुवर्षांची निरीक्षणे रिकाम्या डिस्कच्या प्रतीखाली गाडली जातात. दोन्ही डिस्का एकाच आकाराच्या असल्यास तर त्यांच्यावरील अनुक्रमांक पडताळूनच आज्ञा द्यावी. आणि जुनी डिस्क बाहेर काढलेली असताना नवी स्वबळावर सुरू होऊन फाइली उघडेपर्यंत जुनीवरील एकही अक्षर पुसू नये.