शब्द बरोबर येतात, मग पुढे काय?

पलूसहून एका ताईंचा मेसेज आला. मुलगी आठ वर्षांची, शाळेत घातलेली नाही, घरीच शिकते. पाचवीच्या पुस्तकातला कुठलाही शब्द सांगा, शुद्ध लिहिते. "आता सहावीची यादी सुरू करू का?" सोबत वहीच्या एका पानाचा फोटो होता. विषय औदुंबरची सहल. पाच ओळी, एकही चूक नाही. पण पाचही ओळी 'आम्ही गेलो, आम्ही बघितले' छापाच्या. त्यात कृष्णेचा घाट नाही की नदीचं पाणी नाही. मला यादीपेक्षा या पानाची काळजी जास्त वाटली.

आधी एक गोष्ट तपासून बघा. मूल शब्द शुद्ध लिहितं ते शब्दाचं चित्र पाठ आहे म्हणून, की त्यामागचा नियम डोक्यात बसलाय म्हणून? १९५८ मध्ये जीन बर्को या संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव सांगितलं 'वग', आणि असे दोन असतील तर काय म्हणाल असं विचारलं. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं. म्हणजे त्यांच्याकडे नुसता शब्द नव्हता, नियम होता.

आपण मराठीत हेच करू. 'झूप' असा खोटा शब्द लिहून दाखवा, हे एक खेळणं आहे म्हणून सांगा, आणि 'मी ... रंग दिला' हे वाक्य तिला लिहून पूर्ण करू द्या. 'झुपाला' लिहिलं, तर फूल-फुलाला, मूल-मुलाला यांतला नियम तिने स्वतःच काढलाय. 'झूपाला' लिहिलं, तर बरंचसं काम स्मरणशक्ती करतेय. त्यात वाईट काही नाही, पण मग सहावीच्या यादीने फक्त पाठांतर वाढेल.

नियम सापडला असेल, तर खरी गंमत पुढे आहे. गरीब-गरिबाला, पण शरीर-शरीराला. दोन्ही शब्द कानाला सारखेच, मग असं का? शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, म्हणून त्याची 'री' दीर्घच राहते. गरीब मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. मराठी साहित्य महामंडळाचे नियम (१९६२ चे चौदा, १९७२ मध्ये आणखी चार) हा फरक पाळतात. म्हणजे आता तिने शब्दाला विचारायचं, 'बाबा रे, तुझं गाव कोणतं?' इंग्रजीतही तसंच आहे. अमेरिकेतल्या स्पेलिंग बी स्पर्धेत मुलांना शब्दाची मूळ भाषा विचारायची मुभा असते. 'साइन'मधला मुका 'जी' 'सिग्नल'मध्ये बोलू लागतो; स्पेलिंग अनेकदा उच्चारापेक्षा नातं दाखवतं, असं कॅरल चॉम्स्की यांनी १९७० मध्येच मांडलं होतं.

तेव्हा यादीऐवजी शब्दकोश आणा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. शब्द संस्कृत, अरबी की फारसी, हे त्यात एकेका अक्षराने दाखवलेलं असतं. आई शेजारी बसली, तर रोज दोन शब्द पुरेत. (प्रबंध लिहिताना 'नावीन्य' मी अजूनही एकदा तपासून बघते, त्यात लाज कसली!)

आता ते पान. लिहिताना अक्षर आणि शुद्धलेखन यांत लक्ष अडकलं, तर विचाराला जागा उरत नाही, हे व्हर्जिनिया बर्निंजर, स्टीव्ह ग्रॅहम यांच्या कामातून बऱ्यापैकी पक्कं झालंय. हिच्याकडे ती जागा मोकळी आहे. पण जागा मोकळी झाली म्हणून आपोआप भरत नाही. शिवाय 'एकही चूक नाही' याचंच कौतुक होत राहिलं, तर हुशार मूल खात्रीचेच शब्द निवडायला लागतं. 'घाट' जमतो, 'शेवाळलेल्या पायऱ्या' जमतील की नाही कोण जाणे, मग नकोच ते.

बाकी विषयांत तिला उगाच वरच्या इयत्तेत ढकलू नका. शब्द पुढे गेले म्हणून गणितही गेलं असेल असं नाही. कागदाची चिंता असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, त्यासाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. त्याला अजून खूप वेळ आहे.

ताईंना मी कळवलं: संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिथे तिला घेऊन जा, तासभर बसा. घरी आल्यावर ऐकलेलं आणि बघितलेलं लिहू दे. ज्या शब्दाची खात्री नाही त्याखाली तिनेच पेन्सिलने रेघ मारायची, तुम्ही लाल पेन त्या दिवशी कपाटात ठेवायचं. आणि चुकांसकट त्या पानाचा फोटो मला पाठवा.