प्रवाळांच्या टाकीतला समतोल

घरच्या सागरी मत्स्यालयाबद्दल एक समज पक्का असतो: पाणी जितकं नितळ आणि दिवा जितका प्रखर, तितके प्रवाळ खूश. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळापुरतं ते बरंचसं खरं. मश्रूम प्रवाळ मात्र तशा टाकीत आक्रसून बसतात.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत झूझँथेली (सूक्ष्म एकपेशीय शैवाल) राहतात आणि प्रकाशातून बनवलेलं अन्न त्याला पुरवतात. त्यांना थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट लागतंच. ते शून्यावर नेलं की प्रवाळ फिकट पडतो. रंग गेला म्हणून मालक दिवा आणखी वाढवतो, आणि बिघाडात भर पडते.

समतोल म्हणजे सगळ्यांना सरासरी परिस्थिती देणं नव्हे. बाल्कनीत आपण तुळस कठड्यावर ठेवतो, मनीप्लांट आतल्या कोपऱ्यात, तसंच इथे. पाणी सगळ्यांना एकच, त्यामुळे ते स्थिर राखायचं. विशेषतः त्याची अल्कता (आम्ल पचवण्याची क्षमता), कारण सांगाडा बांधणारे प्रवाळ ती रोज खर्च करतात. प्रकाश आणि प्रवाह मात्र जागेनुसार बदलतात: अ‍ॅक्रोपोरा वर, मश्रूम तळाशी, जरा सावलीत.

शेजारही पाहावा लागतो. गॅलॅक्सिया हा प्रवाळ लांब दंशतंतू सोडून बाजूच्या प्रवाळाला भाजून काढतो. लेदर प्रवाळ पाण्यात रसायनं सोडतात. ती शोषून घ्यायला गाळणीत सक्रिय कोळसा घालतात.

हे सारं वाचून मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलावासा वाटला, तर थांबा. कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.