मोबाईलचा पडदा टीव्हीवर : जोडण्यापूर्वी हे समजून घ्या

चवथीच्या दिवसांत मूळ घरी सारे कुटुंब एकत्र येते. कुणीतरी मागच्या वर्षीच्या माटोळीची छायाचित्रे मोबाईलवर उघडतो आणि पंधरा-वीस माणसे त्या सहा इंची पडद्याभोवती वाकून उभी राहतात. मागे बसलेल्या आजीला काहीच दिसत नाही. समोरच्या भिंतीवरचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही मात्र नुसता काळा असतो. मोबाईलवरील दृश्य त्या टीव्हीवर आणण्याची सोय आज बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये असते. ती नेमकी कशी चालते हे ठाऊक नसल्यामुळे मात्र ती वापरली जात नाही किंवा ऐनवेळी दगा देते. कधी कधी तर नको तो मजकूर चारचौघांसमोर उघडा पडतो.

दोन वेगळ्या पद्धती

आपण सरसकट ‘मोबाईल टीव्हीला जोडला’ असे म्हणतो, परंतु त्यामागे दोन भिन्न पद्धती आहेत. पहिली ‘मिररिंग’. आरशात दिसावे तसे मोबाईलच्या पडद्यावरचे सर्व काही टीव्हीवर उमटते. यासाठी मोबाईल आपल्या पडद्याचे सतत चित्रण करतो, ते आकुंचित करून वाय-फायवरून पाठवतो आणि टीव्ही ते पुन्हा उलगडून दाखवतो. एवढा खटाटोप अखंड चालू असल्याने मोबाईल तापतो, बॅटरी लवकर उतरते आणि टीव्हीवरील दृश्य क्षणभर मागे राहते.

दुसरी पद्धत ‘कास्टिंग’. यूट्यूबसारख्या अ‍ॅपमध्ये कोपऱ्यात लहरी असलेल्या चौकोनाचे चिन्ह दिसते, ते याचेच. येथे मोबाईल चित्र पाठवत नाही, फक्त त्या व्हिडिओचा पत्ता टीव्हीला कळवतो. पुढे टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून तो मिळवतो आणि मोबाईल केवळ रिमोटचे काम करतो. म्हणूनच कास्टिंग चालू असताना मोबाईलवर दुसरे काम करता येते, पडदा बंद केला तरी चित्रपट थांबत नाही.

यावरून निवड सोपी होते. चित्रपट, कीर्तन वा नाटकाचे ध्वनिचित्रमुद्रण पाहायचे असेल तर कास्टिंग करावे. एखादा अर्ज भरून दाखवायचा असेल किंवा ज्या अ‍ॅपमध्ये कास्टचे चिन्हच नाही ते दाखवायचे असेल, तर मिररिंगला पर्याय नाही.

जोडणी कशी करावी

अँड्रॉइड मोबाईलमध्ये वरून खाली बोट सरकवल्यावर येणाऱ्या पट्टीत ‘कास्ट’, ‘स्मार्ट व्ह्यू’ किंवा ‘स्क्रीनकास्ट’ असे बटण असते. कंपनीनुसार नाव बदलते. ते दाबल्यावर जवळच्या टीव्हींची यादी येते. त्यातील आपला टीव्ही निवडून टीव्हीवर परवानगी द्यावी. यातील ‘मिराकास्ट’ या २०१२ पासूनच्या मानकात मोबाईल आणि टीव्ही थेट एकमेकांशी वाय-फायने जोडले जातात, त्यामुळे घरात इंटरनेट नसले तरी मोबाईलमधील छायाचित्रे दाखवता येतात. गूगलच्या कास्ट पद्धतीत मात्र दोन्ही उपकरणे सहसा एकाच वाय-फायवर असावी लागतात.

आयफोन मिराकास्ट मानत नाही. त्याची स्वतःची ‘एअरप्ले’ पद्धत आहे आणि २०१९ पासून काही कंपन्यांच्या टीव्हींमध्येही ती येऊ लागली. खरेदी करताना टीव्हीच्या खोक्यावर हे नाव पाहून घ्यावे.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर विंडोजचे बटण आणि ‘के’ एकत्र दाबल्यास टीव्हींची यादी उघडते. विंडोज आणि ‘पी’ दाबल्यास तेच दृश्य दोन्हीकडे हवे की टीव्ही वेगळा पडदा म्हणून हवा, हे ठरवता येते. कार्यक्रमात सादरीकरण असेल तर एचडीएमआय केबल सोबत ठेवणे शहाणपणाचे. तारेने दिलेले चित्र अडखळत नाही आणि वाय-फायची मिनतवारी करावी लागत नाही.

अडचणी आणि त्यांची कारणे

टीव्ही यादीतच दिसत नसेल, तर बहुधा मोबाईल डेटावर आणि टीव्ही वाय-फायवर असतो, अथवा मोबाईल पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायला जोडलेला असतो. अशा जोडणीत उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. चित्र अडखळत असल्यास राउटर जवळ आणावा किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा, २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या राउटरांची गर्दी असते. आवाज येतो पण चित्र काळे, असे झाल्यास तो बिघाड नसतो. सशुल्क चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून अ‍ॅपच मिररिंग अडवते. अशा वेळी टीव्हीमधीलच अ‍ॅप वापरावे.

काय उघडे पडते?

मिररिंग चालू असताना मोबाईल आपला खासगी राहत नाही. बँकेचा संदेश, ओटीपी, डॉक्टरांचा अहवाल, घरातील कुणाची तक्रार, जे येईल ते टीव्हीवर मोठ्या अक्षरांत झळकते. म्हणून आरंभी ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करावे आणि काम संपताच जोडणी तोडावी. सदनिकांच्या इमारतीत यादीत शेजाऱ्याचा टीव्हीही दिसतो, तेव्हा टीव्हीला ओळखू येईल असे नाव द्यावे. हॉटेलच्या टीव्हीवर स्वतःच्या खात्याने प्रवेश केला असेल, तर निघताना त्यातून बाहेर पडावे.

आणखी एक सावधगिरी घरातील ज्येष्ठांना आवर्जून सांगावी. घरच्या टीव्हीवर पडदा दाखवणे वेगळे आणि दूरध्वनीवरील अनोळखी माणसाला पडदा दाखवणे वेगळे. बँकेचा किंवा वीज खात्याचा अधिकारी असल्याचे भासवून ‘स्क्रीन शेअर करा’ असे कुणी सांगितले, तर तो आपला ओटीपी आपल्याच डोळ्यांदेखत वाचत असतो. अशा अ‍ॅपविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

एवढे सांभाळले, तर यंदा माटोळीची छायाचित्रे मागे बसलेल्या आजीलाही जागेवरूनच दिसतील.