‘वा!’ कुठे म्हणायचं?

बर्कशायरच्या डोंगरात, लेनॉक्स गावी टँगलवुड आहे. बॉस्टन सिंफनी १९३७ पासून उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला येते. पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना आम्ही हौसेनं तिथे नेलं. अण्णा सवाई गंधर्व महोत्सवाचे जुने वारकरी. रमणबागेत सतरंजी टाकून रात्री जागवलेले. टँगलवुडच्या हिरवळीवर चटया, घडीच्या खुर्च्या, चीज, वाइन. “हे तर आपल्यासारखंच!” म्हणत त्यांनी दशम्यांचा डबा उघडला.

वाद्यवृंद सुरू झाला आणि आजूबाजूचे सगळे चिडीचूप. व्हायोलिनच्या एका जागेला अण्णांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. पुढची चार डोकी मागे वळली. सिंफनीचा पहिला भाग संपला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या त्यांच्या एकट्याच्याच होत्या. सगळे भाग संपेपर्यंत टाळी द्यायची नाही, हे सांगायला मीच विसरलो होतो. गंमत म्हणजे पूर्वी असं नव्हतं. १७७८ साली पॅरिसमध्ये आपल्या सिंफनीला मधेच टाळ्या पडल्या, हे मोझार्टनं वडिलांना मोठ्या आनंदानं कळवलं होतं.

अण्णा खट्टू झाले. म्हणून ऑगस्टमध्ये त्यांना न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाला नेलं. १९५४ पासूनचा हा महोत्सव आता फोर्ट अ‍ॅडम्सच्या किल्ल्यात, समुद्राकाठी भरतो. बंदरात बोटी नांगरून फुकट ऐकणारेही असतात. (अण्णांना रमणबागेच्या भिंतीबाहेरचे श्रोते आठवले.) सॅक्सोफोनवाल्याचं एकट्याचं वादन संपलं की लगेच टाळ्या, आरोळ्या, मग पियानोवाल्याची पाळी. अण्णा खुलले. “ही समेची दाद आहे,” म्हणाले. त्यांच्या “क्या बात है!”ला शेजारच्या गृहस्थांनी “येऽऽ!” करून साथ दिली.

ब्लूग्रासच्या जत्रांत तर श्रोता आणि कलाकार ही वाटणीच पुसट. लोक तंबू आणि स्वतःचे बँजो घेऊन येतात, रात्रभर तंबूंपाशी घोळक्यानं वाजवत बसतात; मुख्य मंचाकडे काहीजण फिरकतही नाहीत. वारीत दिंडी आपापली भजनं म्हणत चालते, तसंच.

आपलं संगीत इथल्या लोकांसमोर आलं तेव्हा त्यांचीही पंचाईत झालीच होती. १ ऑगस्ट १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं लावली, तर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपण हा किस्सा हसत हसत सांगतो.

पण गेल्या वर्षी आमच्या गावातल्या शाळेच्या सभागृहात एका गायिकेचा यमन झाला. श्रोते सगळे आपलेच. तीव्र मध्यमावरून ती अशी काही निषादावर गेली की अंगावर काटा आला, आणि सभागृहात खुर्चीही कुरकुरली नाही. ख्याल संपल्यावर सर्वांनी एकदम, नेमक्या, सभ्य टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात बटाटेवडा खाताना अण्णांनी विचारलं, “इथं कोणी आजारी आहे का हो?”

नंतर ते उठून पहिल्या रांगेत जाऊन बसले. दुसऱ्या रागातल्या पहिल्याच चांगल्या जागेला “वा!” गेलं. गायिकेनं चमकून तिकडे पाहिलं, हसली, आणि तीच जागा वेगळ्या वळणानं पुन्हा घेतली. पुढचा तासभर ती अण्णांकडे बघूनच गात होती.

माझ्या तोंडाशीही दोनदा आलं होतं. मी बाराव्या रांगेत होतो. ठुमरी सुरू व्हायच्या आत उठलो आणि अण्णांच्या शेजारची रिकामी खुर्ची गाठली.