उंबरखिंडीचे सैन्य रंगवताना

बोटाच्या पेराएवढ्या आकृत्यांचे सैन्य जमवायचे, महिनोन्‌महिने बसून ते रंगवायचे आणि मग टेबलावर डोंगर, नदी, झाडी मांडून नियमबद्ध लढाई खेळायची, हा छंद युरोपात घडला असला, तरी त्याला लागणारी मुख्य विद्या रायगड जिल्ह्याला परकी नाही. रोहा तालुक्यातील नागोठणे हे अंबा नदीकाठचे जुने बंदरगाव या दृष्टीने मोक्याच्या जागी वसलेले आहे. त्याच्या एका बाजूला गणेशमूर्तींसाठी जगभर नावाजलेले पेण आहे, दुसऱ्या बाजूला अवचितगडाच्या पायथ्याचा रोह्याचा परिसर आहे आणि ज्या नदीवर हे गाव उभे आहे, तिच्याच वरच्या खोऱ्यात उंबरखिंडीची लढाई झाली. रंगवण्याजोगे सैन्य आणि ते रंगवण्याची रीत, दोन्ही एकाच नदीच्या आसपास सापडावीत, हा योग अभ्यासण्याजोगा आहे.

खेळाचा वंश

या छंदाचे मूळ करमणुकीत नसून लष्करी शिक्षणात आहे. प्रशियातील राइसविट्झ या पितापुत्रांपैकी पित्याने 1812 मध्ये युद्धखेळ राजदरबारी सादर केला आणि पुत्राने 1824 मध्ये त्याचे सुधारित नियम सिद्ध करून ते सेनाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उपलब्ध करून दिले. पुढे 1893 मध्ये ब्रिटन या इंग्रज खेळणी-उत्पादक घराण्याने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत बाजारात आणली, त्यामुळे सैनिक हलके व स्वस्त झाले; आणि 1913 मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांनी घरच्या घरी खेळायच्या लढाईचे नियम मांडले. लंडनमध्ये 1975 साली स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणला, तेव्हापासून इतिहासातील पलटणींच्या जोडीला राक्षस, बुटके योद्धे आणि पंख असलेले सर्प यांची काल्पनिक सैन्येही घरोघर रंगवली जाऊ लागली.

आज या खेळात 28 मिलिमीटर हे माप सर्वाधिक रूढ आहे. हे माप बहुधा आकृतीच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजले जाते. या मापात अख्खा चेहरा चार-पाच मिलिमीटरचा आणि डोळा त्याच्याही अंशाचा असतो. एका आकृतीला केवळ दोन तास धरले, तरी साठ सैनिकांच्या तुकडीला 120 तास लागतात, म्हणजे रोज दीड तास बसणाऱ्याचे 80 दिवस. घोडेस्वार, निशाणे आणि सरदार यांचा वेळ त्याखेरीज.

अंबेकाठची लढाई

काल्पनिक सैन्याला रंग कोणता द्यावा, याचे उत्तर रंगवणाराच ठरवतो. ऐतिहासिक सैन्याचा रंग मात्र पुराव्याला बांधलेला असतो. फेब्रुवारी 1661 मध्ये शायिस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात येत असता, शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीच्या दाट रानात कोंडीत पकडले. पुढची आणि मागची वाट बंद झाल्यावर, मोगलांकडून लढणाऱ्या रायबागन या स्त्री सरदाराच्या सल्ल्यावरून, खानाने शरणागती पत्करली. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात या प्रसंगाचे विस्ताराने वर्णन आहे आणि आजचे स्मारक खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ अंबेच्या पात्रातच उभे आहे. थोड्या सैन्याने भूमीच्या बळावर मोठ्या सैन्याला निरुपाय करणे, हेच टेबलावरच्या युद्धखेळाचे सर्वांत रोचक कोडे असते; म्हणून हा प्रसंग लघुसैन्यासाठी विशेष अनुरूप आहे.

यातील मावळ्यांना मात्र गणवेश नव्हता. सतराव्या शतकातील मराठी पायदळ आपापल्या घरच्या कपड्यांत, कमरेला शेला बांधून आणि डोईला पागोटे गुंडाळून लढत असे. मीर महंमद या चित्रकाराने निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशासाठी काढलेले, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र सोबतच्या पायदळ सेवकांसह पाहता येते, आणि रंगवणाऱ्याला ते मोलाचा आधार देते. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडली जाणारी मातीची चित्रे भडक लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांत असतात, ते कुंभारांनी आणि बाजाराने रूढ केलेले संकेत आहेत. ते गोड असले, तरी पुरावा नव्हेत. उंबरखिंडीचे सैन्य रंगवताना न रंगवलेल्या सुताचा मळकट पांढरा, काताचा तपकिरी, मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा एवढे रंग मुख्य धरावेत व ते सैनिकागणिक फिरवावेत. तुकडीला एकजिनसीपणा येतो तो समान कपड्यांमुळे नव्हे, तर मोजक्या रंगांच्या पुनरावृत्तीमुळे.

पेणची शिस्त

सैन्य रंगवताना नवशिक्याची पहिली चूक अशी होते की, तो एक सैनिक हाती घेऊन पूर्ण करतो आणि मग दुसरा घेतो. परिणामी दहाव्या सैनिकापर्यंत त्याचा हात बदललेला असतो, रंगाचे मिश्रण बदललेले असते आणि उत्साहही ओसरलेला असतो. अनुभवी माणूस कामाची वाटणी आकृतीनुसार न करता रंगानुसार करतो, म्हणजे आधी सर्व सैनिकांची अंगकांती, मग सर्वांची पागोटी, मग सर्वांचे शेले, असे जातो. ही रीत पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे तासायचे, पॉलिश पेपरने घासायचे, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिन्यांचे सोनेरी काम आणि अखेरीस डोळ्यांची आखणी, हा क्रम एका मूर्तीला नव्हे तर मूर्तींच्या रांगेला लागू होतो. एक गणेशोत्सव सरला की पुढच्या वर्षीचे काम सुरू होते आणि परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने महिनोन्‌महिने आधी रवाना कराव्या लागतात. असे वर्षभराचे नियोजन याच शिस्तीमुळे तोलले जाते.

लघुसैन्याच्या पायऱ्याही याच तर्काने चालतात. आकृतीवरील साच्याची रेघ चाकूने तासली जाते, रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर म्हणजे प्रायमर दिला जातो, त्यावर प्रत्येक भागाचा मूळ रंग येतो. त्यानंतर पातळ, गडद रंगाचा ओघ सोडतात. तो चुण्यांत आणि खाचांत साचून आपोआप सावली निर्माण करतो. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवून तेथे उजेड आणला जातो. पेणचा कारागीर स्प्रे-गनने मूर्तीच्या गालावर, हातापायांवर जे शेडिंग करतो, त्यामागेही प्रकाश वरून येतो हेच गृहीत असते.

डोळ्यांची आखणी

कारखान्यात सर्व कामे वाटून दिली जातात, परंतु डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच राहते, कारण दृष्टी चुकली की बाकीचे निर्दोष कामही फिके पडते. लघुसैनिकाच्या बाबतीत हेच काम आणखी अवघड होते. आधी डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी रंग भरावा, त्यावर पांढऱ्याची आडवी रेघ अशी द्यावी की भोवती तपकिरी कड शिल्लक राहील, आणि मग बाहुलीचा ठिपका न देता वरून खाली एक उभी रेघ ओढावी. ती पापण्यांना टेकली की नजर स्थिर होते, तर मध्येच तरंगणारा ठिपका सैनिकाला दचकलेला दाखवतो. शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर पांढरा वापरावा. कुंचला अतिबारीक असण्यापेक्षा त्याचे टोक अणकुचीदार असणे महत्त्वाचे, कारण फार बारीक कुंचल्यातील रंग आकृतीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो.

एका बाबतीत मात्र पेणचा धडा अपुरा पडतो. गणेशमूर्ती विसर्जनासाठी घडते, तिचा रंग उत्सवापुरता टिकला तरी पुरतो. खेळातील सैनिक प्रत्येक डावात बोटांनी उचलला जातो, त्यामुळे भाल्याच्या टोकाचा आणि पागोट्याच्या कडेचा रंग आधी झिजतो. म्हणून त्याला शेवटी व्हार्निशचे संरक्षण लागते आणि त्यातही चकाकी नसलेले व्हार्निश सुती कपड्याला शोभते.

कोकणातले वेळापत्रक

परदेशी मार्गदर्शनात ऋतूचा विचार नागोठण्याला उपयोगी पडेल असा नसतो. हवेत दमटपणा असताना डब्यातून फवारलेले अस्तर खरखरीत होते आणि फवारलेले व्हार्निश दुधाळ पडते, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात कोकणात फवारणी टाळावी. हे महिने आकृत्या तासण्यासाठी, जोडण्यासाठी आणि पुराव्याच्या वाचनासाठी ठेवावेत. दसऱ्यानंतर अस्तर, दिवाळीपर्यंत मूळ रंग, मार्गशीर्षात सावल्या आणि उजेड, पौषात चेहरे व निशाणे अशी आखणी केली, तर फेब्रुवारीत उंबरखिंडीच्या स्मरणदिनाला सैन्य उभे करता येते.

पेण, रोहा आणि नागोठण्याच्या शाळांनी दिवाळीच्या किल्ल्यासाठी सुरगड, अवचितगड किंवा उंबरखिंड यांपैकी एक स्थळ निवडावे, तेथे एकदा जाऊन चढउतार पाहावेत, विकतचे रंगीत मावळे मांडण्याऐवजी कोऱ्या आकृत्या आणून त्या विद्यार्थ्यांकडून रंगवून घ्याव्यात आणि पहिला धडा देण्यासाठी पेणच्या कारखान्यातील आखणी करणाऱ्या कारागिराला मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. ज्याच्या हाताने लाखो घरांतील देवाला दृष्टी दिली, त्याची विद्या केवळ हंगामी मजुरी म्हणून मोजली जाऊ नये. ती शिकवण्याजोगी, लिहून ठेवण्याजोगी कला आहे, आणि ते काम करणारे हात आज आपल्या जिल्ह्यातच आहेत.